क्रिटिकल अ‍ॅक्सेस सोडून रुरल इमर्जन्सी हॉस्पिटल व्हावं का?

प्रेअरी_हिशोब: नमस्कार. अमेरिकेतलं २५ खाटांचं क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटल आहे, म्हणजे मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) ज्याला खर्चावर पैसे देतं असं छोटं ग्रामीण रुग्णालय. अ‍ॅक्यूटला (तीव्र आजारासाठी दाखल) रोज सरासरी दोन पेशंट, स्विंग बेडवर (तीच खाट नंतरच्या नर्सिंग देखभालीसाठी) चार. संचालक मंडळाचा डोळा रुरल इमर्जन्सी (पेशंट दाखल न करता फक्त आपत्कालीन आणि बाह्यरुग्ण सेवा) रुग्णालयाला मेडिकेअरकडून मिळणाऱ्या ठरलेल्या मासिक रकमेवर आहे. आकडेमोड कुठून सुरू करू?

कॉस्ट_रिपोर्ट: स्विंग बेडपासून. मासिक रक्कम २०२५ साली २,८५,६२५.९० डॉलर होती, म्हणजे वर्षाला ३४ लाखांवर. शिवाय मेडिकेअरच्या बाह्यरुग्ण दरावर ५ टक्के जादा. लॅबला मात्र ते नाहीत. आज तुम्हाला मेडिकेअरकडून खर्चाच्या १०१ टक्के मिळतात, २ टक्के सिक्वेस्ट्रेशन (सरसकट सरकारी कपात) कापून हातात ९९च्या आसपास. आंतररुग्ण विभाग बंद झाला की स्विंगही जातो. त्या चार पेशंटांच्या नावावर पडणारा रात्रपाळीचा, जनरेटरचा, छताच्या दुरुस्तीचा वाटा मात्र तिथंच राहतो. तो कोणावर टाकणार, हे आधी मांडा. वेगळं नर्सिंग युनिट चालतं, पण त्याला नर्सिंग होमचाच दर मिळतो, खर्चावर नाही.

फार्मसी_खिडकी: ३४०बी औषध सवलतही (ठरावीक रुग्णालयांना कंपन्यांकडून स्वस्तात औषधं) जाते; रुरल इमर्जन्सी त्या कायद्याच्या यादीतच नाही. कॉन्ट्रॅक्ट फार्मसीचं (तुमच्या वतीनं ती औषधं देणारं बाहेरचं दुकान) गेल्या १२ महिन्यांचं निव्वळ उत्पन्न काढून त्या ३४ लाखांतून वजा करा. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजवाले (मेडिकेअर चालवणाऱ्या खासगी विमा कंपन्या) ते ५ टक्के आपणहून देत नाहीत, करारात लिहून घ्यावे लागतात. पेशंटचा एक फायदा खरा आहे: आज तो बिलात लावलेल्या रकमेच्या २० टक्के भरतो, तिथं त्याचा वाटा ठरलेल्या दरावर निघतो आणि जादा ५ टक्के त्यात धरत नाहीत.

ट्रायाज: रुरल इमर्जन्सीत मुक्कामाची वर्षाची सरासरी पेशंटमागे २४ तासांच्या आत हवी. घड्याळ नोंदणी किंवा ट्रायाजपासून (किती गंभीर आहे याची पहिली तपासणी) सुरू होतं. लेव्हल १ किंवा २ ट्रॉमा सेंटरशी (गंभीर जखमींसाठीचं मोठं रुग्णालय) पेशंट पाठवण्याचा करार सक्तीचा आहे, पण करार म्हणजे गाडी नव्हे. बर्फात रात्री दोनला पेशंट कोण नेणार, हे अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांकडून लेखी घ्या.

कॉस्ट_रिपोर्ट: जवळचं रुग्णालय किती मैलांवर आहे?

प्रेअरी_हिशोब: २२ मैल, सपाट हायवे. २००३चं नेसेसरी प्रोव्हायडर पत्र (अंतराच्या अटीतून राज्यानं दिलेली सवलत) आहे.

कॉस्ट_रिपोर्ट: मग क्रिटिकल अ‍ॅक्सेसकडे परतीची वाट नाही. ती सवलत देणं २००६पासून बंद आहे. परत यायचं म्हटलं तर ३५ मैलांची अट नव्यानं लागेल. ८५५ए (मेडिकेअर नोंदणीचा) अर्ज भरण्याआधी मंडळाच्या ठरावात ‘परतीची वाट नाही’ हे वाक्य घाला.