शब्दचर्चा: पेनड्राइव्ह ‘माउंट’ होतो म्हणजे मराठीत काय होतं?

औसेकर
एका शब्दावर अडलोय, मदत करा.

घरचा कॉम्प्युटर जुना आहे. विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि ११ त्यावर बसत नाही, म्हणून दिवाळीला गावी गेलो तेव्हा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. अण्णा तलाठी होते, आता निवृत्त. टायपिंग, स्कॅन, प्रिंट सगळं स्वतः करतात. मी लातुरात, ते गावी, त्यामुळे काही अडलं की फोन येतो. मागच्या आठवड्यातला फोन असा: “पेनड्राइव्ह जोडलाय की रे, लाइटबी लागलीय, पण दिसंना गेलाय.”

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला लावलं, ‘एलएसबीएलके’ ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड टाइप करून घेतली आणि एकेक ओळ वाचून दाखवायला सांगितली. पेनड्राइव्हची ओळ होती, आकार बरोबर होता, शेवटचा रकाना मात्र कोरा. म्हणजे यंत्राला पेनड्राइव्ह कळलाय, पण माउंट झालेला नाही, एखाद्या फोल्डरातून त्यातल्या फाईली उघडता येतील असा लागलेला नाही.

पुढच्या वेळी फोनची गरज पडू नये म्हणून कागद लिहून नेला: “१. पेनड्राइव्ह जोडा. २. तो आरोहित करा.” अण्णांनी ‘आरोहित’खाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि विचारलं, “जोडल्यावर आणखी काय करायचं राहतं?”

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. ‘जोडणे’ दोन्ही कामांना वापरलं तर चालत नाही, कारण गाडी अडते ती नेमकी या दोन कामांच्या मधे. तर माउंटला काय म्हणायचं? अनमाउंटसकट, म्हणजे काढण्याआधी तो मोकळा करण्यासकट, सांगा. एकाला शब्द सापडला आणि उलट क्रियेला नाही, तर कागद अर्धाच राहील.

अंबाजोगाईच्या बाई
‘आरोहित’ का नको? पेटी शिकणाऱ्या चौथीतल्या लेकराला आरोह-अवरोह कळतो. शब्द नवा असला की पहिल्या दिवशी टोचतो, महिनाभर वापरला की अंगवळणी पडतो. आमच्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी बाराव्या शतकात वेदान्त मराठीत आणला तो संस्कृत संज्ञा टाकून देऊन नव्हे, मराठी माणसाला त्या समजावून देऊन. अण्णांना शब्द बदलून देऊ नका, समजावून द्या.

नांदेडची
बाई, तुमचा मुद्दा मान्य, पण आरोहण म्हणजे स्वतः वर चढणं. घोड्यावर माणूस आरूढ होतो. इथे कुणी स्वतः चढत नाही.

‘माउंट’ हा शब्द युनिक्स या लिनक्सच्या आधीच्या सिस्टीमइतकाच जुना आहे. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये ‘माउंट’ आहे. त्या काळात डिस्क म्हणजे हातात धरून आणायचा भला मोठा पॅक. ऑपरेटर तो यंत्रावर चढवायचा, टेपची रिळंही तशीच चढवायचा. लिनक्स १९९१ चं, त्यानं शब्द तसाच उचलला. तेव्हा सरळ ‘चढवणे’ आणि ‘उतरवणे’ घ्या. गाडीला टायर चढवतो तसं.

शिवाय अण्णांच्या कागदावर एक तळटीप हवी. कमांड ‘अनमाउंट’ नाही, ‘यूमाउंट’ आहे, पहिला ‘न’ त्यात नाहीच. नवी पोरं इथे हमखास अडकतात.

औसेकर
‘चढवणे’ काल अण्णांना विचारून पाहिलं. ते लगेच म्हणाले, “चढतो तो बोजा.” सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचं कर्ज लागतं तेव्हा बोजा चढतो, फिटलं की उतरतो. तीस वर्षं त्यांनी फेरफाराच्या नोंदी घेतल्या. त्यांच्या कानाला ‘चढवला’ म्हटलं की कर्जच ऐकू येतं.

परभणीचा दुरुस्तीवाला
औसेकर दादा, शब्द तुमच्या शिवारातच पडलाय. जुंपणे आणि सोडणे.

बैल वाड्यात आला म्हणजे औताला जुंपला असं होत नाही. दावणीला उभा आहे, दिसतोय, वैरण खातोय, पण काम सुरू नाही. मानेवर जू ठेवलं, शिवळा घातल्या, जुपणी बांधली की मग तो औताचा. पेनड्राइव्हचं अगदी तसंच. खाचेत गेला म्हणजे दावणीला आला. माउंट झाला म्हणजे जुंपला.

आणि ‘सोडणे’साठी तर मी भांडायला तयार आहे. दुकानात आठवड्याला एक तरी माणूस येतो, “कॉपी पूर्ण झालं म्हणलं होतं, घरी जाऊन बघितलं तर फोटो उघडंनात.” पडद्यावरची पट्टी शेवटाला पोचली तरी मजकूर बऱ्याचदा अजून रॅममध्येच असतो, कारण लिनक्स तो सवडीनं पेनड्राइव्हवर उतरवतं. अनमाउंट केलं की उरलेलं सगळं लिहून होईपर्यंत थांबतं आणि मगच मोकळं करतं. औत चालू असताना कुणी बैल ओढून नेतं का? आधी सोडायचा, मग न्यायचा.

तुमच्या अण्णांचा पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाईली मांडायच्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला असणार आणि मागच्या खेपेला तसाच उपटलेला असणार. अशा वेळी त्यावर ‘अर्धवट राहिलंय’ अशी खूण राहून जाते आणि नवा एनटीएफएस ड्रायव्हर तो घ्यायला नकार देतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर नेऊन चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी-दुरुस्ती, करणं उत्तम. ते नसेल तर ‘एनटीएफएसफिक्स’ ही कमांड वजा-डी लावून चालवली की खूण पुसली जाते, पण आतला माल तपासला जात नाही, हे ध्यानात ठेवा.

औसेकर
तंतोतंत तसंच झालं होतं. शेजारच्या पोरानं शेतमोजणीचे नकाशे कॉपी केले आणि ओढून काढला. नंतर अण्णांच्या यंत्रानं तो घेतलाच नाही. चेकडिस्कनंतर उघडला, पण दोन नकाशे गेले ते गेलेच.

जालन्याचा मोसंबीवाला
मी कॉम्प्युटरवाला नाही, मुलगा घरी लिनक्स वापरतो एवढंच. त्यानं मला माउंट समजावलं ते झाड काढून. विंडोजमध्ये सी, डी, ई अशी वेगवेगळी खाती, लिनक्समध्ये एकच झाड. नवी डिस्क आली की तिचं झाड या झाडाच्या एखाद्या फांदीवर येऊन बसतं. मी म्हटलं, अरे हे तर कलम! आम्ही जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतो. मूळ एकाचं, वरचा विस्तार दुसऱ्याचा. ज्या फोल्डरवर माउंट होतं त्याला ‘खुंट’ म्हणा आणि क्रियेला ‘डोळा भरणे’. मराठी शेतकऱ्याला यापेक्षा जवळचा शब्द मिळणार नाही.

नांदेडची
काका, ‘खुंट’ फार आवडला. माउंट पॉइंटला तो खरंच घ्यावा, दावणीचा खुंटाही त्याच घराण्यातला.

पण कलम नको, आणि का नको ते माझ्यावर बेतलेलं सांगते. बॅकअपसाठी मी वेगळी हार्डडिस्क ठेवली होती, रोज रात्री आपोआप कॉपी व्हायची. एका रात्री लाइट गेली, सकाळी यंत्र सुरू केलं तेव्हा ती डिस्क माउंट झालीच नाही. मला कळलं नाही. फोल्डर जागेवरच होता, म्हणून रात्रीची कॉपी त्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, पडत राहिली. चौथ्या दिवशी मूळ डिस्क गच्च, लॉगिनसुद्धा होईना. तेव्हा डिस्क माउंट केली तर फोल्डरात जुनेच बॅकअप दिसायला लागले आणि या चार दिवसांच्या फाईली गायब! शोधशोध शोधलं. डिस्क यूमाउंट केली तेव्हा त्या खालीच सापडल्या.

भरलेल्या फोल्डरवर काही माउंट केलं की आतलं पुसलं जात नाही, झाकलं जातं. तुम्ही डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटता, तो परत येतो का? माउंट काढलं की खालचं जसंच्या तसं उघडं पडतं. शिवाय कलम दिवसातून चारदा बांधून सोडता येत नाही.

जालन्याचा मोसंबीवाला
शेंडा छाटतो, बरोबर. पण खालून जंबेरीचे फुटवे येतच राहतात आणि ते काढले नाहीत तर तेच झाड खातात. तुझ्या चार दिवसांच्या फाईली म्हणजे तेच फुटवे. माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

बेगमपुऱ्यातून
औसेकरांचे वडील तलाठी. त्यांना शेतातला शब्द देण्याआधी कचेरीतला शब्द बघा: रुजू. माणूस ऑर्डर घेऊन गावात पोचला, लॉजवर उतरला, तरी तो रुजू झालेला नसतो. रुजू रिपोर्ट दिला की मग त्याचं टेबल, त्याची खुर्ची, त्याच्याकडे कागद जायला लागतात. पेनड्राइव्ह आला, रुजू झाला, कार्यमुक्त झाला. ‘जोडलाय पण दिसत नाही’ म्हणजे हजर आहे पण रुजू नाही.

आणि डाउनलोड केलेली आयएसओ फाईल (लिनक्स टाकायला लागते ती) बरोबर उतरली का, हे चेकसम, म्हणजे फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून बघतो, त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे, रुजवात. हिशेबाची रुजवात घालणे म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे ताडून बघणे.

परभणीचा दुरुस्तीवाला
मी जुंपण्याचा माणूस, पण ‘रुजू’नं एक गोष्ट माझ्यापेक्षा चांगली समजते ती सांगतो. एफएसटॅब ही फाईल म्हणजे मस्टर. कोणती डिस्क सुरुवातीलाच रुजू व्हायची ती नावं त्यात. एका गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या डिस्कचं नाव त्यात होतं आणि तिची वायर ढिली. रोज यंत्र सुरू करताना दीड मिनिट वाट बघायचं आणि काळा पडदा, ‘इमर्जन्सी मोड’. एक कारकून आला नाही म्हणून सगळी कचेरी बंद! त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द लिहिला, आणि नसेल तर नसू दे, बाकीचं उघडा, असं झालं. दुसरं म्हणजे मस्टरवर डिस्कचं ‘एसडीबी’ असलं नाव लिहू नका, यूयूआयडी हा तिचा ओळख क्रमांक लिहा. एसडीबी हा खुर्चीचा नंबर. उद्या दुसरा येऊन आधी बसला की नंबर बदलतो. यूयूआयडी फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही.

अंबाजोगाईच्या बाई
उदाहरण सुंदर, तरी ‘रुजू’ या अरबी शब्दाला माझा विरोध. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातले फारसी शब्द काढून संस्कृत प्रतिशब्दांचा कोश करवून घेतला, तो कशासाठी? साडेतीनशे वर्षांनी कॉम्प्युटरसारख्या कोऱ्या पाटीवर आपण पुन्हा अरबी अक्षर गिरवायचं? इंग्रजी नको म्हणून अरबी, यात मराठीचं काय राहिलं?

बेगमपुऱ्यातून
बाई, कोश झाला, तरी रुजू, दप्तर, जमीन, पीकपाहणीचा ‘खरीप’ हे सगळं राहिलंच ना? लोकांनी ठेवलं म्हणून राहिलं. ‘रुजू’ अरबीत परतणे, वळणे या अर्थाचा आहे. नोकरीवर हजर होणे हा अर्थ त्याला आपल्या कचेऱ्यांनी दिला. म्हणजे शब्द आला बाहेरून, अर्थ वाढला इथे.

आणि घडवलेल्या संज्ञांचं काय होतं ते आपल्या भागानं बघितलंय. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं, त्यासाठी हैदराबादेत भाषांतराचं खातं काढून विज्ञान-वैद्यकाच्या संज्ञा उर्दूत तयार केल्या. आमच्या आजोबांनी त्या पुस्तकांवर परीक्षा दिल्या. सप्टेंबर १९४८ नंतर थोड्याच वर्षांत शिकवणं इंग्रजीत गेलं आणि त्या संज्ञा कपाटात राहिल्या. आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिले ते रुजू, मिसल, रुजवात. वापरातले.

अंबाजोगाईच्या बाई
त्या संज्ञा मेल्या कारण राज्य बदललं. त्या घडवलेल्या होत्या म्हणून नाही. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि तुम्ही ते एकात मिसळताय.

जालन्याचा मोसंबीवाला
रुजू आणि ‘बी रुजणे’ एकच ना? बी मातीत हजर झालं, मूळ धरलं. मग माझं झाड आणि तुमची कचेरी एकत्र आली.

बेगमपुऱ्यातून
नाही काका. रुजणे आपलं मराठी क्रियापद, रुजू अरबी. कानाला सख्खे वाटतात, नातं नाही.

जालन्याचा मोसंबीवाला
आमच्याकडे नवीन सून घरात रुळली की ‘रुजू झाली’ म्हणतात. ती काय ऑर्डर घेऊन येते? हा अर्थ रुजण्याचाच आहे.

परभणीचा दुरुस्तीवाला
‘जू’ मात्र नक्की संस्कृत ‘युग’पासून आणि जोतं ‘योक्त्र’पासून. बाई, जुंपण्यात तुमचं संस्कृतही आलं आणि माझं औतही. आता तरी या माझ्या बाजूला.

अंबाजोगाईच्या बाई
जुंपण्याला माझी हरकत शब्दाची नाही, भावाची आहे. कामाला जुंपलं म्हणजे जबरदस्ती आली. आमच्या शाळेत मुलींना कॉम्प्युटर शिकवताना ‘जुंपा’ हा शब्द मी फळ्यावर लिहिणार नाही.

औसेकर
मंडळी, रविवारी गावी जायचंय. कागदावर काय लिहू? आत्तापर्यंत जुंपणे-सोडणे, रुजू-कार्यमुक्त, चढवणे-उतरवणे, डोळा भरणे. अण्णांना चारही वाचून दाखवले. ‘रुजू’वर त्यांनी मान हलवली, पण म्हणाले, “रुजू त्यो होतो. मी त्येला रुजू करून घेतो. बटन मी दाबणार का त्यो?” कागदावर करणारा अण्णा आहेत, पेनड्राइव्ह नाही. ‘रुजू करून घ्या’ फार लांब होतंय.

नांदेडची
‘रुजवा’ म्हणा की. ‘उतरवा’, ‘बसवा’सारखं.

बेगमपुऱ्यातून
‘रुजवा’ म्हणजे बी रुजवा. पुन्हा जालन्याच्या काकांकडे जाल.

नांदेडची
मूळ पोस्टमधलं एक कधीचं विचारायचंय. अण्णा ‘दिसंना गेलाय’ म्हणतात. आमच्या नांदेडकडे मी ‘दिसंना झालाय’ ऐकलंय. दोन्हींत फरक आहे का? मला वाटतं ‘झालाय’मध्ये आत्ता दिसत नाही एवढंच, आणि ‘गेलाय’मध्ये आधी दिसत होता, आता थांबलाय.

औसेकर
आमच्याकडे ‘गेलाय’च. कधीच दिसला नसला तरी. “पाऊस येईना गेलाय” म्हणतो आम्ही, तो आधी आला असो नसो.

परभणीचा दुरुस्तीवाला
परभणीत दोन्ही चालतात, पण यंत्राबद्दल गिऱ्हाईक नेहमी ‘झालंय’ म्हणतं. “चालूच होईना झालंय.” आणि माणसाबद्दल ‘गेलाय’. “पोरगं ऐकंना गेलंय.”

अंबाजोगाईच्या बाई
हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. अंबाजोगाईत माझी आई ‘ऐकंना गेलंय’ म्हणते आणि मी ‘झालंय’. एकाच घरात. औसेकर, रविवारी अण्णांना विचाराल का, बैलाबद्दल ते कोणतं म्हणतात?