पोकेमॉनची नावे पाठ होतात ती कशी

‘नफ्यासाठी काढलेल्या खेळांतून मुले काहीच शिकत नाहीत’ असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. ब्रिटनमधील प्राथमिक शाळेच्या मुलांना पोकेमॉनची (म्हणजे त्याच नावाच्या जपानी व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक प्राण्यांची) आणि तिथल्या नेहमीच्या प्राणी-वनस्पतींची चित्रे दाखवून नावे विचारल्याचा एक अभ्यास २००२ साली ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आला होता, त्यात आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन सुमारे ७८ टक्के ओळखले, खरे जीव मात्र निम्म्याच्या आसपासच. म्हणजे शिकण्याची क्षमता भरपूर आहे, आणि ती कशी जागवायची हे विक्रेत्याला शाळेपेक्षा बरे कळले आहे (हे कबूल करताना मला आनंद होत नाही). मूळ खेळ १९९६ मध्ये जपानात लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्यांत निघाला, आणि काही प्राणी मुद्दाम एकाच आवृत्तीत ठेवल्यामुळे संग्रह पुरा करायचा तर दोन गेम बॉय (हातात धरून खेळायची यंत्रे) केबलने जोडून मित्राशी अदलाबदल करणे भाग होते. ही विक्रीचीच युक्ती होती. पण तिच्यामुळे मुले घासाघीस करायला आणि कोणता प्राणी कोणावर भारी पडतो हे एकमेकांना समजावून द्यायला शिकली. त्यातून अंगणातला पक्षी ओळखता येत नाही, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे.