मदत हवी आहे: टेक्सासचं नवं बिझनेस कोर्ट आणि भागीदारीतला वाद (ह्यूस्टन)

निशिगंध

नमस्कार. आठ दिवस लिहून खोडून शेवटी आज धागा काढतेय. टेक्सासमधल्या मंडळींनी कृपया वाचावं. आम्ही वकील केला आहे. त्यांनी दोन रस्ते दाखवलेत आणि निवड आमच्यावर सोडली आहे, तिथे आम्ही अडलोय.

२०१४ साली माझ्या नवऱ्याने आणि दोन मित्रांनी मिळून ह्यूस्टनच्या वायव्य भागात मशीन शॉप टाकलं. तेलविहिरींवर लागणाऱ्या पंपांचे, व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवायचे. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली, हिस्से ४०-३०-३०, आमचे ३०. तिघंही मराठी. गणपती एकत्र, मुलांचे वाढदिवस एकत्र. करार लिहून घेऊ या असं मी तेव्हा म्हटलं होतं. "आपल्याआपल्यात कागद कशाला?" असं उत्तर आलं आणि तो विषय मागे पडला तो पडलाच.

शॉपची जागा ४० टक्केवाल्या भागीदाराच्या दुसऱ्या कंपनीची आहे. जानेवारी २०२० पासून तिचं भाडं बाजारभावापेक्षा महिन्याला साधारण ३० हजार डॉलर जास्त जातंय. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्हाला नुसतं कळवण्यात आलं की दोघांनी नवीन भांडवल घातलं आहे, तुमचा हिस्सा आता १२ टक्के. कुणी विचारलं नाही, बैठक झाली नाही. तेव्हापासून वाटपाचा एक डॉलर हातात आलेला नाही. के-वन (कंपनीच्या नफ्यातला आपला वाटा दाखवणारा कराचा कागद) मात्र दरवर्षी येतो, त्यात नफा दिसतो आणि न मिळालेल्या नफ्यावर आम्ही कर भरतो. हिशेब मागितला की "अकाउंटंटशी बोला", आणि अकाउंटंट म्हणतो "त्यांना विचारा".

गेल्या वर्षी एका ब्रोकरने कंपनीची किंमत अंदाजे १ कोटी ८० लाख डॉलर सांगितली होती. वकील म्हणतात की दावा हॅरिस काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नेहमीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात टाकता येईल, किंवा नव्या बिझनेस कोर्टात. हे बिझनेस कोर्ट आमच्यासारख्यांसाठी आहे का, की मोठ्या कंपन्यांसाठी? भांडण २०२२ चं आणि कोर्ट त्यानंतरचं, मग चालेल का? नवरा रात्र रात्र जागा असतो. ज्यांच्याबरोबर बारा वर्षं आरती म्हटली त्यांच्यावर दावा लावायचा, हेच त्याला झेपत नाहीये.

ऑस्टिनवासी

ताई, आधी थोडा धीर धरा. मी इथे एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे, वकील नाही. पण या कोर्टाचे कागद रोज हाताखालून जातात, म्हणून लिहिते.

हे कोर्ट हाउस बिल १९ या कायद्याने आलं. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर जून २०२३ मध्ये सही केली आणि १ सप्टेंबर २०२४ ला कोर्ट सुरू झालं. कायद्यात अकरा विभाग आखले होते. आधी पाच उघडले: डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो, फोर्ट वर्थ आणि ह्यूस्टन. हॅरिस आणि फोर्ट बेंड या दोन्ही काउंटी ह्यूस्टनच्या विभागात येतात, त्यामुळे तुम्हाला लांब जावं लागणार नाही. अपील मात्र ऑस्टिनच्या पंधराव्या अपील न्यायालयात जातं. तेही त्याच वर्षी नव्याने उभं राहिलं.

तारखेची काळजी सोडा. अट आहे दावा कधी दाखल झाला याची, भांडण कधी झालं याची नाही. तुम्ही अजून काही दाखल केलेलं नाही, म्हणजे तो प्रश्नच येत नाही.

विषयाचं म्हणाल तर तुमचं प्रकरण अगदी त्या कायद्याच्या पोटातलं आहे. कंपनीचा अंतर्गत कारभार, मालकांचे आपसातले दावे, कारभार बघणाऱ्याने निष्ठेचं कर्तव्य मोडलं अशी तक्रार, हे सगळं तिथे चालतं. अडचण रकमेची आहे. अशा वादासाठी ५० लाख डॉलरच्या वरची रक्कम वादात असावी लागते, आणि त्यात व्याज, वकिलाची फी, दंडात्मक भरपाई धरत नाहीत. करारांच्या मोठ्या व्यवहारांना आधी १ कोटीची अट होती. २०२५ च्या हाउस बिल ४० ने तीही ५० लाखांवर आणली. तेव्हा तुमच्या वादाची रक्कम नेमकी किती, हे आधी कागदावर मांडा.

टेक्सन_तात्या

वहिनी, मी या वाटेने गेलोय म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, कंपनीचा वकील तुमचा वकील नसतो. तो कंपनीचा असतो, आणि कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं ऐकतो. मी त्याला विश्वासाने सगळं सांगत बसलो आणि माझं वर्ष गेलं.

दुसरी जास्त कडू आहे. "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्याने टेक्सासमध्ये भागत नाही. छोट्या भागधारकाची गळचेपी हा स्वतंत्र दावाच टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये, रिची विरुद्ध रूप या खटल्यात, अमान्य केला. त्यात १८ टक्के भाग धरून बसलेल्या कुटुंबाला ते विकायचे होते आणि कंपनीचे संचालक गिऱ्हाइकाला भेटायलाही तयार नव्हते. तरी तो दावा टिकला नाही. म्हणून तुमच्या वकिलाला एवढंच विचारा की आपला दावा नेमका कशावर उभा आहे: मालकी हिरावली यावर, कर्तव्य मोडलं यावर, की करार मोडला यावर? आमच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

कृष्णाकाठ

पुण्यात वकिली करतो. टेक्सासचा कायदा माझा विषय नाही, पण वाचताना राहवलं नाही. आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने कमर्शिअल कोर्टं आली, तेव्हा किमान मूल्य १ कोटी रुपये होतं. २०१८ च्या दुरुस्तीत ते ३ लाखांवर आलं. भागीदारीचे आणि भागधारकांचे करार त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा वादही त्या दारातून आत जाऊ शकतो. तुमच्याकडे उंबरठा ५० लाख डॉलर! विशेष न्यायालय छोट्या धंद्याला जास्त लागतं असं माझं ठाम मत आहे, कारण मोठ्यांना थांबणं परवडतं.

आणखी एक. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर इथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते पक्कं केलं. तुम्हाला सक्ती नसली तरी तो पर्याय डोक्यात ठेवा.

मोगरा७८

मला तर वाटतं, मंडळातल्या दोन ज्येष्ठांना मध्ये घालून आधी एकदा समोरासमोर बसा. कोर्टात गेलात की माणसं कायमची तुटतात.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघं बसून बेरीज केली. हिरावलेला हिस्सा १८ टक्के, म्हणजे १ कोटी ८० लाखांवर ३२ लाख ४० हजार. जास्तीचं भाडं महिन्याला ३० हजार, सहा वर्षांचं २१ लाख ६० हजार. एकूण बरोबर ५४ लाख. म्हणजे बिझनेस कोर्टात बसतंय ना?

मोगरा, ज्येष्ठांचं आमच्याही मनात आहे. नवऱ्याला तर तेच हवंय.

ऑस्टिनवासी

ताई, बेरीज बरोबर आहे, पण त्यात एक खड्डा आहे. टेक्सासमध्ये विश्वासाचं कर्तव्य मोडल्याच्या दाव्याला चार वर्षांची मुदत असते, कराराच्या दाव्यालाही तेवढीच. म्हणजे जुनं भाडं मुदतीबाहेर गेलं असा बचाव ते पहिल्याच दिवशी घेतील. चार वर्षांचंच धरलं तर १४ लाख ४० हजार, आणि एकूण ४६ लाख ८० हजार. ५० च्या खाली! शिवाय ते भाडं कंपनीच्या खिशातून गेलंय, त्यामुळे ती मागणी कंपनीच्या वतीने करावी लागेल. सदस्य ३५ पेक्षा कमी असलेल्या एलएलसीत ते तुलनेने सोपं आहे, पण दावा तसा मांडावा लागतो. तुम्हाला उशिरा कळलं म्हणून मुदत पुढे सरकते का, किंवा ब्रोकरच्या तोंडी अंदाजाऐवजी रीतसर मूल्यांकनात किंमत जास्त येते का, हे वकिलांना विचारा.

कोर्ट चुकलं तर सगळं बुडतं असं मात्र नाही. अधिकार नाही असं ठरलं तर बिझनेस कोर्ट दावा योग्य डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे पाठवू शकतं. उलट तुम्ही डिस्ट्रिक्टमध्ये गेलात आणि रक्कम बसत असली, तर समोरचे साधारण ३० दिवसांत तो बिझनेस कोर्टात ओढू शकतात. म्हणजे निवड पूर्णपणे तुमच्या हातात नाहीच.

फरक विचाराल तर डिस्ट्रिक्टचे न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि त्यांच्यासमोर सगळ्या प्रकारचे दिवाणी खटले असतात. बिझनेस कोर्टाचे न्यायाधीश गव्हर्नर नेमतात आणि त्यांना धंद्याच्या कायद्याचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. त्यांची लेखी निकालपत्रं फुकट वाचता येतात. त्यामुळे न्यायाधीश एलएलसीच्या भांडणाकडे कसं बघतात ते आधी कळतं, आणि हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. नेमणूक दोनच वर्षांची असते, ते मला पटत नाही. इतक्या कमी मुदतीत माणूस मोकळेपणाने कसा निर्णय देणार? ज्युरीचा हक्क दोन्हीकडे आहे. डेलावेअर राज्यात कंपन्यांचे वाद चालवणाऱ्या चॅन्सरी कोर्टात ज्युरी नसते, म्हणून इथेही नसेल अशा ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पण कोर्ट कुठलं यापेक्षा तारीख महत्त्वाची आहे. हिस्सा नोव्हेंबर २०२२ मध्ये कमी केला, म्हणजे नोव्हेंबर २०२६ हा महिना भिंतीवर लिहून ठेवा. ज्येष्ठांसमोर खुशाल बसा, पण त्याआधी टोलिंग ॲग्रीमेंटवर सह्या घ्या. बोलणी चालू असेपर्यंत मुदतीचं घड्याळ थांबलेलं राहील असा तो लेखी करार असतो. त्यांनी सही नाकारली तर बोलण्यात किती दम आहे ते तिथेच समजेल. आणि सदस्य म्हणून हिशेब, गेल्या सहा वर्षांचे टॅक्स रिटर्न मागायचा हक्क कायद्याने तुमचाच आहे, हिस्सा १२ म्हणा की ३०. ती मागणी लेखी आणि कारण देऊन करा.

टेक्सन_तात्या

माझंही तेच. आणि वहिनी, लेखी करार नाही म्हणून खचू नका. टेक्सासच्या कायद्यात एलएलसीचा करार तोंडीही असू शकतो. त्यात वेगळं ठरलेलं नसेल, तर तो बदलायला प्रत्येक सदस्याची संमती लागते. दोघांनी मिळून तिसऱ्याचा हिस्सा कापला तो कुठल्या अधिकाराने, हे त्यांना सांगावं लागेल. २०१४ चे ईमेल, पहिल्या चेकच्या प्रती, जुने के-वन, जे मिळेल ते गोळा करा.

निशिगंध

तात्या, ऑस्टिनवासी, तुम्ही दोघांनी केवढं ओझं उतरवलंत ते शब्दांत सांगता येत नाही.

तोंडी करारही धरतात हे वाचून नवऱ्याने रात्रीच जुना लॅपटॉप काढला. मार्च २०१४ चा ईमेल सापडला. सोबत एक्सेलचा तक्ता आहे, तीन नावं, समोर ४०, ३०, ३०. दोघांचीही उत्तरं आली आहेत. एकाने लिहिलंय "मान्य", दुसऱ्याने "मान्य, नारळ कधी फोडायचा?" त्यानंतरचे नऊ के-वनही मिळाले. पहिल्या आठांवर ३० टक्के आहेत, नवव्यावर १२.

सोमवारी वकिलांकडे जातोय. हिशेबाच्या मागणीचं पत्र आणि टोलिंगचा मसुदा दोन्ही एकाच दिवशी पाठवायला सांगणार आहे. ह्यूस्टनमध्ये यंत्रसामग्रीसकट कारखान्याचं रीतसर मूल्यांकन करून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया मला खाजगी संदेश पाठवा.