मांजर आडवं गेलं, मग तुम्ही काय केलंत?

मागच्या मंगळवारची गोष्ट. सकाळी पावणेनऊ, पेठेतली अरुंद गल्ली. एक काळं मांजर डावीकडच्या वाड्यातून निघालं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या पत्र्यावर चढलं. माझी स्कूटर थांबली. शेजारी एक रिक्षा थांबली, मागे शाळेची व्हॅन, तिच्यामागे कॉलेजचा एक मुलगा. हॉर्न कुणीच वाजवला नाही! पाऊण मिनिटाने कानात फोन खुपसलेला एक इसम मागून आला, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ निघून गेला, आणि आम्ही सगळे एकदम सुटलो.

लाज वाटायचं कारण असं की माझ्या घरी काजळ नावाची काळीकुळकुळीत मांजर आहे. ती दिवसातून पन्नास वेळा मला आडवी जाते. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट काळी, गाडीखाली लटकवायची बाहुली काळी, आणि मांजर काळं असलं की मात्र अपशकुन, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

तर तुमचे अनुभव सांगा. गावचे, परदेशातले, आजीकडून ऐकलेले, कसलेही. श्रद्धा-अंधश्रद्धेवर भाषण नको, ते शाळेत झालंय. तुम्ही त्या क्षणी काय केलंत ते लिहा.

माडाखाली

आमच्या वेंगुर्ल्याकडे आजी म्हणायची, "मांजर आडवा गेला, वायच थांब गो." मग सात पावलं मागे, घोटभर पाणी, आणि पुन्हा प्रस्थान. दहावीच्या भूमितीच्या पेपरला या सात पावलांपायी एसटी चुकली. मी मासळीच्या टेम्पोत बसून केंद्रावर पोचले. पेपर चांगला गेला, पण शेजारच्या बाकावरची मुलगी तीन तास नाक धरून बसली होती. आजीचा निष्कर्ष: "बघ, थांबलंस म्हणून पास झालंस."

मात्र तीच आजी मांजरावर कुणी दगड उगारला तर अंगावर धावून जायची. मांजर मेलं हातून तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हा नियम तिला अगदी पाठ होता. सोन्याचा भाव विचारला की आम्ही पोरं गप्प. त्यामुळे आमच्या वाडीतली मांजरं अपशकुनीही होती आणि सुरक्षितही.

सॉल्टलेकची सून

मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर कोलकात्यात. पहिल्याच वर्षी ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, म्हणजे जामाईषष्ठीला, सासूबाईंनी व्रतकथा सांगितली आणि मी चाटच पडले. एका घरातली धाकटी सून चोरून मासे नि दूध खायची आणि आळ घ्यायची काळ्या मांजरीवर. बिचारीला फुकटचा मार बसायचा. पण ती मांजर होती षष्ठीदेवीचं वाहन. ती गेली देवीकडे तक्रार घेऊन. पुढे सुनेला मूल झालं की रात्रीत नाहीसं, दुसरं झालं तेही नाहीसं. मांजरच उचलून देवीपाशी नेऊन ठेवत होती. शेवटी सून देवीला शरण गेली, मांजरीची क्षमा मागितली, तेव्हा सगळी मुलं परत मिळाली.

आता गंमत बघा. ही षष्ठी म्हणजे आपली सटवाईच की! बाळाच्या पाचवी-सहावीला येऊन कपाळी नशीब लिहिणारी. आईने माझ्या मुलीच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, त्याच देवीसाठी. सोलापूरहून कोलकात्याला जाईपर्यंत तिला वाहन मिळालं, म्हणा. किंवा आपण वाटेत मांजर विसरलो.

कथा ऐकून मी सासूबाईंना विचारलं, मग रस्त्यात काळं मांजर आडवं गेलं तर तुम्ही थांबत नाही ना? त्या म्हणाल्या, "थांबते की. ते वेगळं."

मीटर डाउन

रिक्षा चालवतो, बावीस वर्षं झाली. तुमच्या गल्लीतला रिक्षावाला मी नव्हतो, कारण मी थांबत नाही. थांबलो तर धंदा कधी करायचा? पण पॅसेंजर थांबवतात. सूटबूटवाले जास्त, इंटरव्ह्यूला किंवा कोर्टात निघालेले. एकदा एक मावशी होत्या, दवाखान्यात रिपोर्ट आणायला चाललेल्या. मांजर गेलं. म्हणाल्या, "भाऊ, मला इथंच उतरवा, तुम्ही पुढं जाऊन थांबा." मी पंधरा-वीस पावलं पुढं जाऊन थांबलो. त्या मागून चालत आल्या आणि परत बसल्या. म्हणजे जे काय व्हायचं ते माझ्यावर! मी आरशातून बघून हसलो तर त्याच ओशाळल्या. दवाखान्यापाशी उतरताना वीस रुपये जास्त दिले. मी घेतले.

सॉल्टलेकची सून

मीटरभाऊ, हे वीस रुपये म्हणजे दक्षिणाच की!

थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये सगळं उलटं. इथे काळं मांजर भाग्याचं. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटने माझं लग्न ठरल्याचं कळल्यावर मला काळ्या मांजराचं चित्र असलेलं कार्ड दिलं. नवरीला काळं मांजर शुभ, असं ती सांगत होती. मी घरी व्हिडिओ कॉलवर ते कार्ड दाखवलं आणि आईने "ते आधी खाली ठेव" म्हणून फर्मावलं. त्या आजी यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या. तिकडे कोळ्यांच्या बायका नवरा समुद्रावर असताना घरात काळं मांजर पाळायच्या, ते सुखरूप असलं की बोट परत येते म्हणून. कार्ड अजून कपाटात आहे. आईला सांगू नका.

गलबत

बोटीवरच्या मांजराचा विषय निघालाच आहे तर. ऑगस्ट १९४१ मध्ये चर्चिल 'प्रिन्स ऑफ वेल्स' या युद्धनौकेवरून रूझवेल्टना भेटायला न्यूफाउंडलंडला गेला. तिथे बोटीवरच्या ब्लॅकी नावाच्या मांजराला थोपटतानाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी १० डिसेंबरला जपानी विमानांनी ती नौका मलायाजवळ बुडवली. मांजर वाचलं. आता हे शुभ म्हणायचं की अशुभ? आमच्या जहाजावर यावरून एकदा जेवणाच्या टेबलावर तासभर वाद झाला. चीफ इंजिनिअरचं मत: मांजरासाठी शुभ.

बखरवाला

युरोपात हे वाईट नाव कुठून आलं असं कुणी विचारायच्या आत लिहितो, कारण ते फॉरवर्ड मलाही चार वेळा आलंय. पोप नववा ग्रेगरी याने १२३३ मध्ये एक फर्मान काढलं, 'व्हॉक्स इन रामा'. त्यात जर्मनीतल्या पाखंड्यांच्या कथित विधीचं वर्णन आहे: पुतळ्यातून शेपूट उभारून, पाठमोरं चालत येणारं काळं मांजर वगैरे. एवढं खरं. पण "पोपने मांजरं मारायला लावली, म्हणून उंदीर वाढले, म्हणून प्लेग आला" ही पुढची साखळी कुणीतरी मागाहून ओवलेली आहे. फर्मानात मांजरं मारण्याची आज्ञा नाही, आणि प्लेग आला १३४७ मध्ये, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी. मांजरी त्याआधी कितीदा व्याल्या असतील!

"बैलगाडीचे बैल रानमांजराच्या डोळ्यांना बुजायचे म्हणून पूर्वज थांबायचे" हेही असंच, ऐकायला गोड. मग फक्त काळ्यालाच का थांबायचे?

श्वाबियातून

जर्मनीत मांजर कोणत्या दिशेने गेलं यावर शकुन-अपशकुन ठरतो. त्यावर यमकं जुळवलेली म्हणही आहे. ऑफिसात दोघांना विचारलं. एक म्हणाला डावीकडून उजवीकडे वाईट, दुसरी म्हणाली नाही, उजवीकडून डावीकडे वाईट. दोघं इंजिनिअर, दोघांनी फळ्यावर बाण काढले, एकमत नाही. मी म्हटलं आमच्याकडे सोपं आहे, दोन्हीकडून वाईट.

सुमिदाकाठ

मी तोक्योत. आई पहिल्यांदा आली तेव्हा आठवडाभर अस्वस्थ होती, कारण रोज दारात काळ्या मांजराचं चित्र असलेली गाडी उभी राहायची. ती इथली यामातो कुरिअर कंपनी, लोक तिला 'कुरोनेको' म्हणजे काळं मांजरच म्हणतात. १९५७ पासून त्यांचं चिन्ह एकच: पिलाला तोंडात अलगद धरून नेणारी काळी मांजर. तुमचं पार्सल आम्ही असं नेऊ, असा अर्थ. हे समजावल्यावर आई विरघळली. मांजरी पिलं कशी उचलतात ते तिने माळ्यावर कितीदा पाहिलं होतं. नंतर गाडी आली की मला हाक मारायची, "मांजर आलं गं, सही कर."

दुकानांत पंजा वर करून बसलेलं मांजर असतं ना, त्यातलं काळं असेल तर ते इडापिडा टाळायला ठेवतात. आईने तेच विकत घेतलं. आता साताऱ्याला टीव्हीवर बसलंय, आणि आलेला प्रत्येक पाहुणा तिला विचारतो की हे काळं का घेतलंत.

ओसरीवरचा डॉक्टर

पशुवैद्य आहे. काळा रंग हा जनुकाचा खेळ. मांजराच्या केसावर पट्टे आणणारं जनुक आई-बाप दोघांकडून बिघडलेलं आलं की केस टोकापासून मुळापर्यंत काळा. म्हणून पट्टेवाल्या जोडीलाही काळं पिलू होतं, आणि मालक मला फोन करतात, "डॉक्टर, हे कुणाचं?" उन्हात फार लोळलं तर काळा रंग विटून तांबूस दिसतो.

आणखी एक, खास मुंबईकरांसाठी. 'बॉम्बे' नावाची मांजराची जात आहे, तुकतुकीत काळी, तांब्यासारखे डोळे. तिचा मुंबईशी काडीचा संबंध नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत केंटकी राज्यात निकी हॉर्नर या बाईंनी तयार केली. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसते म्हणून नाव बॉम्बे.

पानगळ

अमेरिकेत काळं मांजर दत्तक घ्यायला ऑक्टोबरात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, नोव्हेंबरात या. प्राण्यांचे काही निवारे हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाच्या, आधी काळी मांजरं देत नाहीत. कुणी नुसती सजावटीला नेईल, कुणी त्रास देईल अशी भीती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तर ते पिंजऱ्यात पाठ करून बसलेलं. बायको म्हणाली, "रुसलंय, आपलंच आहे."

धागाकर्ती

सगळं वाचलं. मीटरभाऊंच्या मावशी तर मनातून जाईनात, कारण माझ्या शेजारच्या काकू तशाच. बँकेत किंवा डॉक्टरकडे निघायचं असलं की दार उघडायच्या आधी मला फोन: "काजळला पाच मिनिटं आत घे गं." मी घेते. सुरुवातीला राग यायचा, आता सवय झाली.

आज सकाळी काकूंचा फोन आला नाही. मी दार उघडलं तर काजळ जिन्यात, पायरीच्या मधोमध बसलेली, आणि काकू वरच्या पायरीवर हातात पिशवी धरून उभ्या. किती वेळ कोण जाणे. मी म्हटलं, काकू, हाक मारायची ना! तर म्हणाल्या, "अगं, ती आडवी गेली कुठे, नुसती बसलीय. आणि उठवू कशी, बोंबलाची डोकी मीच घातलीत तिला."