मदत हवी आहे: आय-स्टारमध्ये लिलाव कसा दाखवायचा?

एमटेकचं प्रोजेक्ट म्हणून कांद्याच्या लिलावाचं मल्टी-एजंट सिम्युलेशन (प्रत्येक माणसाच्या जागी स्वतः निर्णय घेणारा एक प्रोग्रॅम) करतोय, कोड जेडमध्ये (असे एजंट लिहायचं जावा फ्रेमवर्क) आहे आणि तो बरा चाललाय, पण गाइडना आधी मॉडेल पाहिजे. आय-स्टार २.० (२०१६ वालं; कोणाला काय हवंय आणि त्यासाठी कोण कोणावर अवलंबून ते दाखवणारी मॉडेलिंग भाषा) घेतलं, त्याच्या आकृत्या काढायचं टूल पायस्टार ब्राउझरमध्येच चालतं म्हणून इन्स्टॉलची कटकट नाही. शेतकरी, अडत्या, व्यापारी हे तीन अ‍ॅक्टर. शेतकरी 'माल विकला जावा' या गोलसाठी अडत्यावर अवलंबून, 'रोख पैसे' हा रिसोर्स, इथवर मस्त जमतं, कोण कोणावर का अवलंबून आहे ते एका नजरेत कळतं. 'भाव चांगला मिळावा' मी क्वालिटी (पूर्ण झालं की नाही असं नाही, कितपत साधलं असं बघायची गोष्ट) म्हणून टाकलंय, जुन्या आय-स्टारमध्ये त्याला सॉफ्टगोल म्हणायचे, ते बरोबर आहे ना?

खरी गोची पुढे आहे. बोली चढत जाते, व्यापारी मध्येच माघार घेतो, भाव पटला नाही तर शेतकरी माल देत नाही, हा क्रम आय-स्टारमध्ये दाखवायचा कुठे, त्यात काळ हा प्रकारच नाही! एयूएमएल (एजंटसाठी वाढवलेलं यूएमएल) वापरू का साधा यूएमएल २ चा सिक्वेन्स डायग्राम (कोण कोणाला कोणत्या क्रमाने निरोप देतो त्याची आकृती), लूप (पुन्हा पुन्हा) आणि ऑल्ट (हे नाहीतर ते) टाकून? की सरळ प्रोमिथियसवर (एजंट सिस्टिम डिझाइन करायची एक पद्धत) जाऊ, त्यात गोल आणि प्रोटोकॉल दोन्ही आहेत, पण मग सगळं परत काढावं लागेल आणि त्याचा जाम कंटाळा आलाय. आय-स्टार आणि यातलं काही कोणी एकत्र वापरलंय का?