सगळे चार्ट की फक्त मार्गापुरते? टॅब्लेटमध्ये नेमकं किती भरायचं

धावपट्टी२७

आपण वैमानिक टॅब्लेटमध्ये ठेवतो त्या उड्डाणाच्या चार्टची एअरॅक सायकल, म्हणजे चार्ट अद्ययावत करण्याचं ठरलेलं वेळापत्रक, दर २८ दिवसांनी बदलते, तीही कायम गुरुवारीच. वर्षातून १३ वेळा (२०२० मध्ये १४ वेळा) येणारी ही तारीख कितीतरी आधीपासून माहीत असते. तरीही प्रत्येक सायकलला कुणीतरी उड्डाणाच्या सकाळी अर्ध्यावर अडकलेलं डाउनलोड बघत बसलेलं दिसतं, आणि खापर फुटतं नेटवर.

माझ्या मते दोष 'सगळं डाउनलोड करा' या सवयीचा आहे.

जागा कशाने भरते ते बघा. ॲप्रोच प्लेट (एकेका धावपट्टीवर उतरण्याच्या पद्धतीचे चार्ट) हलक्या असतात, एकेक फाइल काहीशे केबीची. जड असतात ते चित्ररूपातले नकाशे, म्हणजे व्हीएफआर (बाहेर बघत, नजरेच्या आधारे उडण्याचे) चार्ट आणि उपग्रह छायाचित्रं. ते छोट्या चौकोनी तुकड्यांत साठवलेले असतात. झूमची एक पातळी वाढली की तुकडे चौपट होतात. हिशोब केला तर सगळ्यात बारीक पातळी एकटीच एकूण आकाराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग खाते. असा अख्खा खंड उतरवून घेतला की टॅब्लेट गच्च.

त्यात सायकल बदलायच्या आधीचे काही दिवस जुना आणि नवा असे दोन्ही संच एकत्र नांदतात. फाइल आधी दाबलेल्या स्वरूपात येते, मग उलगडते, म्हणजे थोडा वेळ तिच्याही दोन प्रती. त्यामुळे ८ जीबीच्या संचासाठी ८ जीबी मोकळी जागा पुरत नाही. डाउनलोड मध्येच थांबतं ते बरेचदा इथे.

म्हणून माझी पद्धत अशी: प्लेट आणि विमानतळांच्या आकृत्या संपूर्ण प्रदेशाच्या, जड नकाशे फक्त मार्गाच्या पट्ट्यापुरते, उपग्रह छायाचित्रं बंद. आदल्या रात्री टॅब्लेट एअरप्लेन मोडवर टाकून निघायचं ठिकाण, उतरायचं ठिकाण आणि पर्यायी विमानतळ यांचे चार्ट एकेक उघडून बघायचे. ॲपच्या यादीत 'डाउनलोड झालं' म्हणून दिसणाऱ्या हिरव्या खुणेवर विसंबायचं नाही.

पटतंय का?

संथ_उतार

शेवटचा परिच्छेद शंभर टक्के पटला. बाकीच्याशी असहमत, आणि हा मतभेद मला गंभीर वाटतो.

मार्गाचा पट्टा तुम्ही आखता तो जमिनीवर, निवांत बसून, हवामान ठीक दिसत असताना. पट्टा सोडायची वेळ येते तेव्हा यातलं काहीच उरलेलं नसतं. समोर वादळांची रांग असते, किंवा मागे बसलेल्या माणसाची तब्येत बिघडलेली असते, किंवा तेलाचा दाब घसरत असतो. तेव्हा तुम्ही जिथे वळता ते विमानतळ तुमच्या यादीत असेलच असं नाही. आणि नेमका त्याच वेळी नकाशाच्या जागी राखाडी चौकोन दिसला तर?

जागा कमी पडते म्हणून माहिती कमी करायची, हे मला उलटं वाटतं. आयपॅडमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही, तेव्हा घेतानाच मोठ्या स्टोरेजचा घ्या. चित्रपट, फोटो, खेळ काढून टाका. उड्डाणाचा टॅब्लेट उड्डाणासाठीच ठेवा.

धावपट्टी२७

@संथ_उतार, प्लेट पूर्ण प्रदेशाच्या ठेवा असंच मी लिहिलंय. डायव्हर्ट झालात तर हातात प्लेट लागते: धावपट्टीची दिशा, फ्रिक्वेन्सी, किमान उंची. ती तुमच्याकडे असेलच. मी कात्री लावतोय ती फक्त जड नकाशांना.

संथ_उतार

आयएफआर (उपकरणांच्या आधारे) उडणाऱ्यासाठी हे मान्य. पण व्हीएफआर उडणाऱ्याचं काय? ढगांखालून, जमिनीकडे बघत जाणाऱ्या वैमानिकाचा सगळा भरवसा त्या 'जड' नकाशावरच असतो. विजेच्या तारा, मनोरे, हवाई क्षेत्राच्या सीमेवरचे उंचीचे आकडे, हे सगळं वाचता येतं ते सगळ्यात बारीक झूमवर. तुमच्या हिशोबातला तो तीन-चतुर्थांश भाग म्हणजे नेमकं हेच.

पट्ट्याबाहेर जायची वेळ सर्वात जास्त येते तीही त्याच्यावरच, कारण त्याला ढगांतून जाता येत नाही, वळसाच घ्यावा लागतो. म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त, त्याच्याच नकाशाला तुम्ही कात्री लावताय.

कॉकपिट_उजवी

एअरलाइनच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे काय उतरवायचं हे आम्ही ठरवत नाही. कंपनीचा ईएफबी (कॉकपिटमधल्या टॅब्लेटचा) विभाग ठरवतो, टॅब्लेटवर ढकलतो, आणि उड्डाणाआधी आम्ही सायकलची तारीख तपासतो. त्यामुळे 'किती' हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे. 'कधी' आणि 'कुठल्या टॅब्लेटवर आधी' हे प्रश्न मोठे, आणि इथे त्यावर अजून कुणीच बोललेलं नाही.

२८ एप्रिल २०१५ ला अमेरिकन एअरलाइन्समध्ये जे झालं ते यासाठीच आठवावं. वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाचा एक चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आला. ॲपला त्यातून मार्ग काढता येईना आणि ते बंद पडू लागलं. बऱ्याच उड्डाणांना उशीर झाला. उपाय काय, तर ॲप काढून टाकायचं आणि पुन्हा घ्यायचं. काही विमानांना तर वायफाय मिळावं म्हणून गेटवर परत यावं लागलं. साधारण १६ किलोची कागदांची बॅग टॅब्लेटने घालवली हे चांगलंच झालं, पण कागदाची बॅग अशी एका क्षणात कोरी होत नव्हती.

कॅप्टनचा आणि माझा टॅब्लेट जर एकाच दिवशी एकाच डेटाबेसवर गेले असतील, तर त्यांतला एक दुसऱ्याचा पर्याय होऊ शकत नाही. एकात बिघाड असेल तर तो दोन्हींत आहे. म्हणून नवी सायकल आधी एका टॅब्लेटवर घ्या, उघडून पाहा, मगच दुसऱ्यावर. नवी सायकल काही दिवस आधीच मिळू लागते, तेव्हा एवढी उसंत नक्की असते.

आणखी एक. जुना संच घाईने पुसू नका. सायकल ००:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) बदलते, अमेरिकेच्या एफएएचे (तिथली हवाई वाहतूक नियामक संस्था) चार्ट ०९:०१ यूटीसीला. तुम्ही जुन्या सायकलमध्ये उडालात आणि नव्या सायकलमध्ये उतरलात तर दोन्ही लागतात. जागा वाचवायची म्हणून बुधवारी संध्याकाळीच जुना संच काढून टाकणारे मी पाहिलेत.

कोडवाला

मी नकाशांच्या ॲपवर काम करतो, उडत नाही, त्यामुळे उड्डाणाबद्दल तुम्ही म्हणाल ते खरं. पण तुम्ही सगळे एकमेकांत भांडताय आणि जबाबदार आम्ही आहोत.

एका सायकलमध्ये बहुतेक प्लेट बदलतच नाहीत. नकाशाचेही मोजकेच तुकडे बदलतात. मग दर २८ दिवसांनी अख्खा संच पुन्हा का उतरवायचा? जे बदललं तेवढंच पाठवता येतं. पण बरीच ॲप अख्खा प्रदेश एका मोठ्या फाइलमध्ये बांधतात, कारण बांधायला आणि तपासायला ते सोपं जातं. त्या सोयीची किंमत वैमानिक आपला वेळ घालून भरतो.

हिरव्या खुणेचंही तसंच. अनेकदा तिचा अर्थ 'फाइल आली' एवढाच असतो. ती उघडली का, पूर्ण आहे का, हे तपासूनच खूण दाखवायला हवी. लॉगिन पान मागणारं सार्वजनिक वायफाय फाइलच्या नावाखाली ते लॉगिन पानच देऊ शकतं. चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते पडताळायचा आकडा) न तपासणारं ॲप ते निमूटपणे साठवेल.

आणि स्क्रीन बंद झाल्यावर डाउनलोड थांबतं तो टॅब्लेटचा दोष नाही. ॲप पडद्याआड गेलं की सिस्टिम ते गोठवते. डाउनलोड सिस्टिमच्या हवाली केलेलं असेल तर ते पुढे चालतं. ते तसं करायचं की नाही, हे ॲप लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

संथ_उतार

@कोडवाला, बाकी सगळं मान्य, पण 'बदललं तेवढंच पाठवा' याला माझा विरोध आहे. एखाद्याने दोन सायकली उडवलंच नाही, ॲप उघडलंच नाही, तर त्याचा पाया जुना राहिला. त्यावर नवे तुकडे चढवले आणि मध्ये एक निसटला, तर काही चौकोन नव्या सायकलचे आणि काही जुन्या असा मिश्र नकाशा तयार होतो. वर तारीख मात्र नवी. रिकामा चौकोन निदान दिसतो तरी. मुदत संपलेला चौकोन दिसायला अगदी खरा असतो, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

कोडवाला

रास्त भीती. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्याचा चेकसम यादीशी ताडून बघायचा आणि एकही जुळला नाही तर सायकलच्या नावापुढे हिरवी खूण येऊच द्यायची नाही. हे होण्यासारखं आहे. पण तुमच्या ॲपमध्ये ते होतं की नाही हे बाहेरून कळत नाही, हेही खरं. तोपर्यंत पूर्ण संच घेण्याचा आग्रह मी चुकीचा म्हणणार नाही.

शिकाऊ_पंख

माझ्याकडे एकच टॅब्लेट आहे, तोही मोठ्या स्टोरेजचा नाही. दुसऱ्या कंपनीचं एक चार्टचं ॲप राखीव म्हणून ठेवलंय, पण ते क्वचितच उघडते. एवढं पुरे का?

कॉकपिट_उजवी

@शिकाऊ_पंख, आयपॅड असेल तर आजच सेटिंगमध्ये जाऊन न वापरलेली ॲप ऑफलोड करण्याचा पर्याय बंद करा. जागा कमी पडू लागली की सिस्टिम क्वचित उघडलेलं ॲप स्वतःहून काढते. आतला डेटा राहतो, चिन्ह दिसत राहतं, पण ॲप पुन्हा घ्यायला नेट लागतं. म्हणजे चार्ट टॅब्लेटमध्ये आहेत आणि हवेत ते उघडता येत नाहीत. राखीव ॲपवर ही वेळ सगळ्यात आधी येते, कारण ते उघडलंच जात नाही.

सिस्टिमचं आपोआप अपडेटही बंद ठेवा. त्याला काही जीबी मोकळी जागा लागते आणि तुमच्या चार्टच्या ॲपला नवी आवृत्ती चालते का, ते आधी खात्री करून घ्यावं लागतं.

तुमच्या परिस्थितीत मी फोनवर तेच ॲप घेऊन फक्त प्लेट ठेवल्या असत्या, आणि उतरायच्या व पर्यायी विमानतळांच्या प्लेट कागदावर छापून घेतल्या असत्या. वजन काहीच नाही आणि बॅटरी लागत नाही.

धावपट्टी२७

@संथ_उतार, व्हीएफआरच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. पट्टा ठराविक रुंदीचा नको, इंधनाप्रमाणे हवा, असं म्हणतो. मार्गावरच्या प्रत्येक ठिकाणी टाकीत जेवढं इंधन उरणार आहे तेवढ्यात जिथवर पोचता येईल, तिथवरचा नकाशा, सगळ्यात बारीक झूमसकट. त्यापलीकडचं तुम्हाला गाठताच येणार नाही, मग ते साठवायचं कशाला?

संथ_उतार

हिशोब करून बघू. १०० नॉटने (ताशी १०० सागरी मैल) जाणारं छोटं विमान, निघताना चार तासांचं इंधन. त्रिज्या झाली ४०० सागरी मैल, म्हणजे वर्तुळाचा व्यास ८००. माझा अख्खा प्रदेश त्यात बसतो आणि शेजारच्याचा तुकडाही. तुमच्याच नियमाने मी 'सगळं डाउनलोड करा' वर येऊन पोचतो.

धावपट्टी२७

निघताना, हो. पण उड्डाण संपत येतं तसं वर्तुळ आक्रसतं. आणि तुमच्या वर्तुळातही उपग्रह छायाचित्रं लागत नाहीत, ज्या देशात आयुष्यात जाणार नाही त्याचे नकाशे लागत नाहीत. टॅब्लेट भरतो तो त्यांनीच. प्रदेश पूर्ण ठेवा, व्हीएफआरसाठी एवढं मी मान्य करतो. खंड ठेवायला माझा विरोध कायम आहे.

संथ_उतार

खंडाबद्दल माझा हट्ट कधीच नव्हता. पण वर्तुळ आक्रसतं म्हणून शेवटच्या तासासाठी कमी नकाशा पुरेल, हे मानणार नाही. नकाशे उतरवायचे असतात निघण्याआधी, आणि तेव्हा वर्तुळ सगळ्यात मोठं असतं.