दिवे लावताच तापमानाचा काटा वर चढतो: गेज बदलावे का?

डोलकाठी:
माझ्या लहान बोटीत पेट्रोलवर चालणारे इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले) इंजिन असून डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा एरवी ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असतो. मात्र दिवे आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप) चालू केले की तो तत्क्षणी ९५ च्या पुढे जातो आणि ते बंद करताच खाली उतरतो. तेलाच्या दाबाचा काटाही त्याच वेळी किंचित वर सरकतो. एक्झॉस्टमधून इंजिन थंड करणारे पाणी नेहमीसारखे येते. इंजिनावरील तापमानाचा सेंडर (गेजला संकेत पाठवणारा सेन्सर) बदलून पाहिला, पण काहीही फरक पडला नाही. आता गेजच बदलावे का?

सुकाणू:
तूर्त गेज विकत घेऊ नका. इंजिनातील पाणी बटण दाबल्याबरोबर वीस अंशांनी तापत नाही आणि दोन वेगवेगळी गेज एकाच क्षणी बिघडण्याची शक्यताही फार कमी असते, त्यामुळे दोष दोघांच्या सामाईक निगेटिव्हमध्ये असावा. या गेजमध्ये सहसा दोन कॉइल असतात, एकीचा परतीचा मार्ग डॅशबोर्डच्या निगेटिव्ह वायरमधून जातो आणि दुसरीचा सेंडरमधून थेट इंजिनाच्या ब्लॉकला मिळतो. डॅशबोर्डकडील जोड गंजला असेल, तर दिव्यांचा प्रवाह सुरू होताच तेथील व्होल्टेज थोडे वर उचलले जाते, पहिली कॉइल दुबळी पडते आणि काटा सेंडरच्या बाजूला, म्हणजे वर, ओढला जातो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे गेजच्या ‘जी’ (ग्राउंड, म्हणजे निगेटिव्ह) टर्मिनलला लावा व दिवे, पंप चालू करा. जोड निरोगी असेल तर आकडा फार तर एक-दोन दशांश व्होल्ट येईल. पेट्रोलची बोट आहे, तेव्हा इंजिनाचे झाकण उघडण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातील हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटे चालवा आणि पेट्रोलच्या वाफेचा वास येत असेल तर कोणत्याही वायरला हात लावू नका.

भरतीओहोटी:
वरील निदान पटते. तरीही काटा खोटे बोलतो आहे असे गृहीत धरण्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या आवरणाचे तापमान एकदा मोजावे. चकचकीत धातूवर हे उपकरण हमखास कमी आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळी टेप चिकटवावी.

नव्या सेंडरबाबतही दोन गोष्टी तपासाव्यात. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली असेल, तर एका वायरच्या सेंडरला ब्लॉकमधून मिळणारे अर्थिंग तुटते. शिवाय अमेरिकी आणि युरोपीय गेजचे रोध वेगवेगळे असतात (इंधनाच्या सेंडरचेच पाहा: अमेरिकी २४० ते ३३ ओहम, युरोपीय साधारण १० ते १८०), त्यामुळे आटे जुळले म्हणून सेंडर जुळला असे होत नाही.

डोलकाठी:
मोजले, ०.९ व्होल्ट आले. डॅशबोर्डमागील निगेटिव्ह पट्टीवरच्या जाड वायरचा लग (टोकाची धातूची जोडकडी) हिरवा पडला होता आणि आवरण सोलले असता आतील तांबे बरेच वरपर्यंत काळे निघाले. ती वायर पूर्ण बदलल्यावर दिवे लावूनही काटा ७५ वरच राहतो. मात्र आता तेलाचा दाब पूर्वीपेक्षा कमी दिसतो. ही काळजीची बाब आहे का?

सुकाणू:
डॅशबोर्डवरील इतर भार त्या खराब जोडातून सतत जात असेल, तर दिवे बंद असतानाही दाब थोडा फुगवूनच दिसत होता. आताचा दाब इंजिनाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी, इंजिन पूर्ण तापलेले असताना, आयडलवर आणि नेहमीच्या वेगात असा दोनदा ताडून पाहा. तो मर्यादेखाली असेल, तर सेंडर काढून त्याच छिद्रात यांत्रिक दाबमापक लावून खात्री करून घ्या. तोवर बोट किनाऱ्यालाच ठेवावी. नव्या वायरसाठी कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर वापरली नसेल, तर तीही आत्ताच बदलून टाका.